लेकरांची पोटगी : हुकूम झाला, वसुलीचे काय?

न्यायालयाने मुलांची पोटगी मंजूर केली, की घरातील मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. ‘निकाल लागला, आता काळजी मिटली,’ असे म्हणत माहेरची माणसे आपापल्या कामाला लागतात. पुढे एक-दोन महिने पैसे येतात, नंतर निम्मे येतात आणि एक दिवस येणेच थांबते. शाळेची फी, वह्या-पुस्तके, दवाखाना यांपैकी काहीही थांबत नाही. पदरी लेकरू घेऊन माहेरी परतलेल्या भगिनीला तेव्हा कळते, की हुकूम मिळवणे हा अर्धाच रस्ता होता.

खानदेशातील व्यापारी समाजात या प्रश्नाभोवती मौनाची एक भिंत असते. दोन्ही घराणी परिचयाची, सोयरीक जवळची, पेढ्यांचा व्यवहार एकमेकांशी. ‘कोर्टात जाऊन समाजात शोभा कशाला?’ हा प्रश्न मुलीलाच विचारला जातो. ज्याने पैसे थकवले त्याला क्वचितच. म्हणून कायद्याने या वसुलीसाठी कोणकोणते मार्ग दिले आहेत, हे प्रत्येक कुटुंबाने नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

जैन कुटुंबांना कोणता कायदा लागू?

हा संभ्रम अलीकडे पुन्हा वाढला. २७ जानेवारी २०१४ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने जैन समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. त्याचा आधार घेऊन इंदूरच्या कौटुंबिक न्यायालयाने २०२५ च्या फेब्रुवारीत, जैन दांपत्याला हिंदू विवाह कायद्याखाली दाद मागता येणार नाही, अशी भूमिका घेतली. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये तो आदेश रद्द केला. १९५५ चा हिंदू विवाह कायदा आणि १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा या दोहोंच्या दुसऱ्या कलमातच बौद्ध, जैन व शीख यांचा स्पष्ट उल्लेख आहे. अल्पसंख्याक दर्जाने त्यात काही बदल झालेला नाही.

१९५६ च्या कायद्याच्या कलम २० नुसार अज्ञान मुलांचा निर्वाह करणे हे आई व वडील दोघांचेही कर्तव्य आहे. मुलगी अविवाहित असून स्वतःचा निर्वाह करू शकत नसेल, तर ती सज्ञान झाल्यावरही हा हक्क टिकतो. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये ‘अभिलाषा विरुद्ध प्रकाश’ या निकालात ते स्पष्ट केले. मुले वडिलांजवळ राहत असतील आणि आई कमावती असेल, तर हेच कलम वडिलांच्याही उपयोगी पडते.

याखेरीज सर्व धर्मीयांसाठी असलेला फौजदारी संहितेतील मार्ग आहेच. जुन्या संहितेतील कलम १२५ आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ म्हणून आले आहे. जुन्या कलमाखाली झालेले हुकूम त्यामुळे रद्द होत नाहीत. अंतरिम पोटगीचा अर्ज, नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असे हे कलम सांगते. पूर्वी या कलमाखाली महिना ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती. २००१ च्या दुरुस्तीने ती उठली. आता रक्कम ठरते ती मुलांच्या गरजेवर आणि देणाऱ्याच्या ऐपतीवर.

नागपूरहून निघालेला एक खटला

थकीत पोटगीच्या बाबतीत आज देशभर ज्या निकालाचा आधार घेतला जातो, त्याची सुरुवात आपल्याच राज्यात झाली. २०१३ मध्ये एका आईने आपल्या तान्ह्या मुलासह नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात अंतरिम पोटगी मागितली. २४ ऑगस्ट २०१५ रोजी पत्नीस महिना १५,००० रुपये, तर मुलास सुरुवातीच्या काळासाठी ५,००० आणि १ सप्टेंबर २०१५ पासून १०,००० रुपये मंजूर झाले. पतीने मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात आव्हान दिले, ते २०१८ मध्ये फेटाळले गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तोवर मूळ अर्जाला सात वर्षे लोटली होती आणि हुकूम हाती असूनही त्या आईला वसुलीसाठी अर्जामागून अर्ज करावे लागले होते.

४ नोव्हेंबर २०२० रोजी न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा व न्यायमूर्ती आर. सुभाष रेड्डी यांच्या खंडपीठाने ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या नावाने प्रसिद्ध असलेला निकाल दिला. पतीने सर्व थकबाकी १२ आठवड्यांत भरावी, असा आदेश त्यात होता. पण खंडपीठ तेवढ्यावर थांबले नाही. सर्व न्यायालयांसाठी त्याने काही नियम घालून दिले. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी. दोन्ही पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता व देणी यांचे प्रतिज्ञापत्र दाखल करावे. अंतरिम अर्ज शक्यतो चार ते सहा महिन्यांत निकाली काढावा. आणि पोटगीचा हुकूम दिवाणी न्यायालयाच्या पैशाच्या हुकूमनाम्याप्रमाणे अमलात आणता यावा.

खानदेशाच्या दृष्टीने त्यातील प्रतिज्ञापत्राचा भाग फार मोलाचा आहे. ‘दुकान वडिलांचे, मी तर पगारी नोकर,’ किंवा ‘पेढी एकत्र कुटुंबाची, माझ्या नावे काही नाही,’ ही उत्तरे आपल्याकडे नित्याची आहेत. आता बँक खात्यांचे उतारे, प्राप्तिकर विवरणपत्रे, विमा, वाहने, भागीदारी व एकत्र कुटुंबातील हिस्सा हे सारे शपथेवर सांगावे लागते. केळी-कापसाच्या शेतीवर ज्यांचे घर चालते, त्यांच्यासाठी प्रतिज्ञापत्राचा वेगळा नमुनाही याच निकालासोबत जोडलेला आहे. खोटे लिहिले तर शपथभंगाची कारवाई होऊ शकते.

थकबाकी वसूल कशी होते?

उदाहरणासाठी असे समजू, की आई दोन मुलांसह जळगावला माहेरी राहते आणि मुलांचे वडील धुळ्याला व्यापार करतात. महिना ८,००० रुपयांचा हुकूम झाला आहे आणि १४ महिने एक पैसाही आलेला नाही. थकबाकी झाली १,१२,००० रुपये.

पहिली गोष्ट, या आईला एरंडोल-पारोळ्याच्या रस्त्याने दर तारखेला धुळे गाठण्याची सक्ती नाही. पत्नी जिथे राहते तिथेही पोटगीचा अर्ज करता येतो. कौटुंबिक न्यायालय असेल तिथे ते, नसेल तिथे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी हे काम पाहतात. झालेला हुकूम, देणारा जिथे असेल तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडूनही अमलात आणता येतो. उद्या तो सुरतेला वा पुण्याला गेला तरी हुकूम त्याच्या मागे जातो. हुकुमाची प्रत विनामूल्य मिळते. ती जपून ठेवावी.

दुसरी गोष्ट मुदतीची, आणि येथेच सर्वाधिक भगिनींचे नुकसान होते. फौजदारी मार्गाने वसुलीचे वॉरंट हवे असेल, तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. वरील उदाहरणात आई चौदाव्या महिन्याअखेर न्यायालयात गेली, तर पहिल्या दोन महिन्यांचे १६,००० रुपये या मार्गाच्या बाहेर पडतात. ते बुडाले असे नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ‘पूनगोडी विरुद्ध थंगवेल’ या निकालात सांगितले, की पोटगीचे दायित्व चालूच राहते. एक वर्षाची अट केवळ या झटपट मार्गापुरती आहे. जुन्या रकमेसाठी दिवाणी दरखास्तीचा मार्ग उरतो. पण तो लांबचा. म्हणून ‘या महिन्यात देईल, पुढच्या महिन्यात देईल’ असे म्हणत वर्ष जाऊ देऊ नये. दोन-तीन महिने थकले, की वसुलीचा अर्ज द्यावा.

अर्ज मंजूर झाला की न्यायालय वॉरंट काढते. त्यातून जंगम मालमत्ता जप्त होऊन विकली जाऊ शकते; किंवा जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे स्थावर मालमत्तेवरही वसुली करता येते. एवढे करूनही पैसे आले नाहीत, तर एक महिन्यापर्यंत, किंवा पैसे भरेपर्यंत, कैद होऊ शकते.

‘महिनाभर आत बसतो, पण देत नाही,’ असे फुशारकीने सांगणारेही असतात. त्यांनी १९८९ चा ‘कुलदीप कौर विरुद्ध सुरिंदर सिंग’ हा निकाल लक्षात ठेवावा. तुरुंगवास ही वसुलीची एक रीत आहे. त्याने देणे फिटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात स्पष्ट म्हटले. कैद भोगून बाहेर आलेल्या बापाच्या डोक्यावर ती रक्कम तशीच उभी असते.

वडील नोकरदार असतील तर मार्ग अधिक सोपा होतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार साध्या कर्जासाठी पगाराचा मोठा भाग जप्तीपासून सुरक्षित असतो. पोटगीच्या हुकूमनाम्यात मात्र केवळ एक-तृतीयांश पगाराला संरक्षण आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाच्या २००५ च्या कायद्याखाली अर्ज केलेला असेल, तर कलम २० नुसार न्यायदंडाधिकारी थेट मालकाला किंवा ज्याच्याकडून त्या व्यक्तीचे येणे आहे अशा ऋणकोलाही पैसे परस्पर भरण्याचा आदेश देऊ शकतात. व्यापाऱ्याच्या बाबतीत ही शेवटची तरतूद विशेष उपयोगाची आहे.

वकिलाआधी वही

या साऱ्या मार्गांना पुरावा लागतो. आपल्या घरांतून रोजमेळ आणि खतावणी यांची परंपरा आहे. तीच येथे कामी येते. कोणत्या महिन्याची रक्कम, किती आली, केव्हा आली, किती राहिली, याचा तक्ता आईने पहिल्या महिन्यापासून ठेवावा. रक्कम ठरावीक तारखेपर्यंत आईच्या बँक खात्यातच जमा व्हावी, अशी विनंती न्यायालयाला करावी. रोख दिलेल्या पैशाबद्दल पुढे दोन्ही बाजूंनी वाद होतो. खात्याचा उतारा वाद मिटवतो. फीच्या पावत्या, औषधांची बिले, शिकवणीचा खर्च जपून ठेवावा. खर्च वाढला तर रक्कम वाढवून मागता येते.

वकिलाच्या फीची चिंता असणाऱ्या भगिनींनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. जळगाव व धुळे येथील जिल्हा न्यायालयांत ते आहे. तालुक्याला तालुका विधी सेवा समिती असते. १९८७ च्या कायद्याने स्त्रिया व मुले यांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. १५१०० हा राष्ट्रीय मदत क्रमांकही आहे. ही मदत घेण्यात कमीपणा काहीच नाही. तो हक्क आहे.

आणखी एक पथ्य दोन्ही बाजूंनी पाळावे. मुलाची भेट आणि मुलाचा पैसा हे दोन वेगळे विषय आहेत. भेट मिळत नाही म्हणून पोटगी थांबवणे जसे चूक, तसे पैसे थकले म्हणून मुलाला वडिलांपासून तोडणेही चूक. दोहोंसाठी न्यायालयाची दारे स्वतंत्र आहेत. लेकराला मध्ये ओलीस ठेवण्याचे कारण नाही.

समाजाचे कर्तव्य

अमेरिकेत १९७५ च्या कायद्यानंतर मुलांच्या पोटगीच्या वसुलीसाठी राज्याराज्यांत सरकारी कार्यालये उभी राहिली. पगारातून रक्कम परस्पर कापली जाते आणि थकबाकी २,५०० डॉलरच्या वर गेली तर पारपत्र नाकारले जाते. स्वीडनमध्ये बापाने पैसे दिले नाहीत तर सरकार ठरावीक रक्कम मुलाला देते आणि मग त्याच्याकडून वसूल करते. आपल्याकडे असे कार्यालय नाही. थकबाकीचा हिशेब, अर्ज, वॉरंटचा पाठपुरावा, सारे त्या आईलाच करावे लागते. तेही नोकरी, स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास सांभाळून.

ही उणीव समाज काही अंशी भरून काढू शकतो. पंचांनी बसून तडजोड घडवणे ही चांगली प्रथा आहे. पण ती तडजोड साध्या कागदावर राहिली तर वसुलीच्या वेळी तिचा उपयोग होत नाही. ती न्यायालयात दाखल करून तिच्यावर हुकूम घ्यावा. ‘एकरकमी घे आणि मुलांचा हक्क सोड’ अशी अट तर घालूच नये. मुलाचा निर्वाहाचा हक्क आई-वडिलांना आपसांत विकून टाकता येत नाही. तारखेला सोबत जाणारा एखादा ज्येष्ठ, हिशेबाचा तक्ता करून देणारा एखादा कर सल्लागार, अर्ज तपासून देणारा एखादा वकील, एवढे बळ प्रत्येक गावाच्या संघाला उभे करता येईल.

आणि ज्या घरातला मुलगा पोटगी थकवतो, त्या घरातील वडीलधाऱ्यांनीही विचार करावा. बाजारातील देणे वेळेवर फेडणे हा आपल्या घराण्यांचा अभिमान असतो. हुंडी नाकारली तर पत जाते. स्वतःच्या नातवंडांचे देणे मात्र महिनोन्‌महिने थकलेले असताना चातुर्मासात मोठ्या बोल्या लावणे कोणत्या खात्यात बसते? दान देण्याआधी देणे फेडावे लागते. नातवाच्या फीची तारीख तीस असेल, तर त्याचे पैसे एकोणतीसला पोचलेले असावेत.