दलाली ज्याची, हमी त्याची

धान्याच्या अडतीत पोत्यातील माल आडत्याचा नसतो. तरी तो वानगीबरहुकूम न निघाल्यास घेणारा प्रथम आडत्याच्याच गादीशी येतो. इंटरनेटवरील बाजारपेठांनी मात्र हा दंडक दीर्घकाळ मानला नाही. नकली पादत्राणे विकली गेली, की 'आम्ही केवळ मध्यस्थ' हे उत्तर ठरलेले!

न्यायालये आता या उत्तरावर संतुष्ट राहत नाहीत. लाल तळाच्या बुटांसाठी ख्यातनाम असलेल्या ख्रिश्चन लूबुताँ यांच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१८ मध्ये एका संकेतस्थळास विक्रेत्यांची माहिती उघड करण्याचा व त्यांच्याकडून अस्सलतेची हमी घेण्याचा आदेश दिला. २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनी विक्रेत्याचे नाव-पत्ता दाखविणे बाजारपेठांना बंधनकारक केले. अमेरिकेत तर 'स्टॉकएक्स' ही पेढी माल स्वतः पारखून अस्सलतेची चिठ्ठी लावीत असे. तरीही नायकीच्या नावाचे ३७ नकली जोड विकले गेल्याबद्दल न्यूयॉर्कच्या न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये तिलाच जबाबदार धरले.

आम्हांस हे योग्यच वाटते. दलाली आपल्या पदरात घ्यावी आणि खोट ग्राहकाच्या पदरात टाकावी, याला व्यापार म्हणत नाहीत.