घोड्याची भीती आणि मनाची मांड

घोड्यावरून एकदा पडलेला स्वार पुन्हा रिकिबीत पाय ठेवताना कचरतो, तेव्हा त्याचे दुखणे बहुधा अंगात कमी आणि मनात अधिक असते. ‘घोडा उधळणारच’ हा विचार आधी येतो. मग श्वास अडतो, गुडघे आवळतात, लगाम ताणला जातो. घोड्याला हे सारे तत्काळ कळते. १९०४ साली ऑस्कर फुंग्स्ट यांनी बर्लिनमधील ‘हुशार हान्स’ या गणिती घोड्याची परीक्षा केली, तेव्हा तो बेरीज करीत नसून प्रश्नकर्त्याच्या मस्तकाची सूक्ष्म हालचाल टिपीत असल्याचे आढळले. असा प्राणी भेदरलेल्या स्वाराखाली बिथरला, तर नवल कसले! स्वाराला मात्र आपले भाकीत खरे ठरल्यासारखे वाटते.

भीतीच्या पायऱ्या पाडून त्या क्रमाने चढण्याची रीत जोसेफ वोल्पे यांनी १९५८ च्या ग्रंथात मांडली. विचारांच्या उलटतपासणीची जोड पुढे एरन बेक यांनी दिली. स्वाराने आधी ठाणाबाहेर उभे राहावे, मग खरारा करावा, मोतद्दाराने धरलेल्या घोड्यावर बसावे. दुडकी फार पुढची. प्रत्येक पायरीवर धडधड ओसरेपर्यंत थांबावे. भीती शिगेला असताना पळ काढला, तर सुटकेचे समाधान भीतीलाच खतपाणी घालते. स्वारीपूर्वी आपले भाकीत वहीत लिहावे आणि प्रत्यक्ष घडले ते शेजारी नोंदवावे. ‘घाबरू नकोस’ या उपदेशापेक्षा ही दोन रकान्यांची वही अधिक उपयोगी पडते. अर्थात खोगीर सैल असल्याची शंका ही भीती नव्हे. तेथे वही बाजूला ठेवून तंग आवळावा.