वाघालाही भूक लागते

भरताच्या नाट्यशास्त्रात पहिल्यावहिल्या नाट्यप्रयोगाची कथा आहे. इंद्रध्वजाचा उत्सव होता आणि देवांनी दैत्यांवर मिळवलेल्या विजयाचं नाटक चाललं होतं. आपलाच पराभव समोर पाहून दैत्य बिथरले. त्यांच्या बाजूच्या विघ्नांनी नटांची वाचा, हालचाल आणि स्मृती जागच्या जागी गोठवून टाकली.

शाळेच्या स्नेहसंमेलनात पाठ केलेलं वाक्य अर्ध्यावर विसरून विंगेकडे केविलवाणं पाहणारं मूल आपण सर्वांनी पाहिलं आहे. त्याचीही वाचा, हालचाल आणि स्मृती एकदमच जाते. हे विघ्न मात्र दैत्यांनी आणलेलं नसतं, ते आपण मोठी माणसं आणतो. आपण मुलाच्या हाती संवादांचा कागद देतो, घोकून घेतो, भाड्याचा पोशाख चढवतो आणि माइकसमोर उभं करतो. साकारायच्या पात्राला काय हवंय, हे मुलाला कुणी सांगितलेलंच नसतं. त्यामुळे वाक्य निसटलं की त्याच्या हाती काहीच उरत नाही.

शेवटचं आधी, पहिलं कधीच नाही

ॲरिस्टॉटलनं शोकात्म नाटकाची सहा अंगं सांगितली: कथानक, स्वभाव, विचार, भाषा, संगीत आणि दृश्य. त्यानं कथानकाला नाटकाचा आत्मा मानलं. दृश्याचं आकर्षण त्यानं मान्य केलं, पण कवीच्या कलेशी त्याचं नातं सर्वांत दूरचं ठरवलं. आपल्या शाळांमधली तयारी नेमकी या दूरच्या टोकाकडून सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते.

विसाव्या शतकात शिकागोमध्ये व्हायोला स्पोलिन यांनी वेगळी वाट धरली. मुलांबरोबर काम करताना त्यांनी अभिनयाचे धडे खेळांत बसवले. 1963 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकातल्या कितीतरी प्रवेशांची उभारणी तीन साध्या प्रश्नांवर आहे: कोण, कुठे आणि काय करतंय? पाचवी ते आठवीच्या वर्गाला नाटकाच्या दारात आणायला हे तीन प्रश्न पुरतात. आत नेण्यासाठी चौथा लागतो: वाट कोण अडवतंय?

भोपळ्यात मावणारं नाट्यशास्त्र

लेकीकडे निघालेली म्हातारी, वाटेतला वाघ आणि परतताना तिला लपवणारा भोपळा ही गोष्ट मराठी मुलाला शिकवावी लागत नाही. म्हणूनच ती सुरुवातीला घ्यावी. वर्गातली बाकं मागे सरकवा आणि दोन मुलांना समोरासमोर उभं करा. वाघानं वाट सोडायची नाही, म्हातारीनं पळायचं नाही, कुणी कुणाला हात लावायचा नाही. फक्त बोलायचं, दोन मिनिटं. कागद नाही, पाठांतर नाही. संवाद आपोआप फुटतात, कारण एकाला जायचंय आणि दुसऱ्याला खायचंय. खेळ थांबल्यावर फळ्यावर एकच शब्द लिहा: संघर्ष. आधी अनुभव आणि मग नाव, या क्रमानं आलेली व्याख्या घोकावी लागत नाही.

आता भरतानं सांगितलेले अभिनयाचे चार प्रकार याच गोष्टीत शोधू. जाताना वाळलेली आणि येताना तूप-रोटी खाऊन गुटगुटीत झालेली म्हातारी चालून दाखवणं हा आंगिक अभिनय. भोपळ्याच्या आतून येणारा आवाज तोंडापुढे ओंजळ धरून काढणं हा वाचिक. भोपळा कशाचा करायचा, घरच्या चादरीचा की टोपलीचा, हे मुलांनीच ठरवणं म्हणजे आहार्याची ओळख. चौथा सात्त्विक, सर्वांत अवघड. ‘घाबर’ असा हुकूम सोडून भीती येत नाही. म्हातारी झालेल्या मुलीला डोळे मिटायला सांगा आणि बाकीच्या वर्गाला तिच्याभोवती हलकेच पावलं वाजवायला लावा. चेहरा आपणहून बदलतो.

भरतानं सांगितलेल्या कार्याच्या पाच अवस्थाही इथे सापडतात. लेकीच्या ओढीनं निघणं हा आरंभ. परत येताना खा, असा वाघाला दिलेला वायदा हा प्रयत्न. भोपळ्याची युक्ती सुचते तेव्हा आशा आणि धास्ती बरोबरच असतात, ती प्राप्त्याशा. वाघ फसून वाट मोकळी होते, ती नियताप्ती. घराचं दार दिसतं, तो फलागम. सातवीच्या मुलांनी ही संस्कृत नावं लक्षात ठेवायलाच हवीत असं नाही. गोष्टीला पाच पायऱ्या असतात आणि त्यातली एक काढली तर ती कोसळते, हे मात्र त्यांनी एक पायरी गाळून करून पाहावं.

आपल्या हाताशी असलेलं

या कामासाठी मराठीत सामग्री भरपूर आहे. सुधा करमरकर यांनी 1959 मध्ये लिटल थिएटरतर्फे रत्नाकर मतकरींचं ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणलं आणि मुलांच्या नाटकाला अद्भुताचं वैभव दिलं. मतकरींच्याच ‘अलबत्या गलबत्या’त दिलीप प्रभावळकरांनी चेटकीण उभी केली. नट स्वतःहून किती वेगळा माणूस होऊ शकतो, हे मुलांना दाखवायला याहून चांगलं उदाहरण नाही. विजय तेंडुलकर, पु. ल. देशपांडे आणि सई परांजपे यांनीही मुलांसाठी मनापासून नाटकं लिहिली. 1986 पासून मोहन आगाशे यांच्या पुढाकारानं बर्लिनची ग्रिप्स ही बालनाट्याची चळवळ पुण्यात रुजली. तिथे मोठे नट मुलांच्या भूमिका करतात आणि राजा-राक्षसांच्या जागी घर, शाळा, आईवडिलांचे ताण येतात. मुलांना दोन्ही दाखवावं: अद्भुताचं नाटक आणि त्यांच्या स्वतःच्या दिवसाचं नाटक.

शेवटचा खेळ

नाट्यशास्त्रातली ती कथा विघ्नांपाशी संपत नाही. ब्रह्मदेव दैत्यांना जवळ बोलावून समजावतो की नाट्य एकट्या देवांचं नाही, त्यात तिन्ही लोकांच्या भावभावना आहेत. नाटकाचं सर्वांत मोठं शिक्षण मला इथे दिसतं. म्हणून शेवटी भूमिकांची अदलाबदल करावी. म्हातारी झालेल्या मुलीनं वाघ व्हावं आणि आपण किती दिवसांचे उपाशी आहोत ते सांगावं. वाघालाही भूक असते हे ज्या मुलाला कळलं, त्याला नाटक कळलं आणि शेजारच्या बाकावरचा मुलगाही थोडा कळला.

शिक्षकांना आणि पालकांना माझी एवढीच विनंती आहे. यंदाच्या स्नेहसंमेलनासाठी संवादांचे कागद वाटण्याआधी एक तास द्या. त्या तासात प्रत्येक मुलाला दोनच प्रश्न विचारा: तुला काय हवंय, आणि तुझी वाट कोण अडवतंय? ज्याच्यापाशी या दोन प्रश्नांची उत्तरं आहेत, ते मूल वाक्य विसरलं तरी रंगमंचावर गोठून उभं राहणार नाही.