वजाबाकीत सापडणारी राख

२४ जून १९८२ च्या रात्री ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ जावा बेटाजवळून चाललं होतं. लंडनहून निघून मुंबई, क्वालालंपूर करत ते पर्थकडे निघालेलं. आत २६३ माणसं. वेदर रडारचा पडदा कोरा करकरीत. आणि ३७ हजार फुटांवर एकामागून एक चारही इंजिनं बंद! कॅप्टन एरिक मूडी आणि त्यांचे सहकारी पुन्हा पुन्हा इंजिनं सुरू करायच्या खटपटीत आणि विमान आपलं खाली खाली येतंय. १३ हजार फुटांच्या आसपास इंजिनांनी परत जीव धरला. समोरची काच घासून आंधळी झालेली, तशात विमान जाकार्ताला सुखरूप उतरलं. कारण मागाहून कळलं. गालुंगगुंग नावाचा ज्वालामुखी राख ओकत होता आणि विमान नेमकं त्या ढगात शिरलं होतं.

आता ही राख म्हणजे आपल्या बंबातली मऊ राख नव्हे. हा दगडाचा आणि काचेचा बारीक चुरा, मुख्यतः सिलिकेट. साधारण ११०० अंश सेल्सिअसच्या आसपास तो वितळायला लागतो, आणि जेट इंजिनाच्या ज्वलनकक्षात तापमान त्याहून बरंच वर असतं. मेकॅनिकलच्या मंडळींना पुढचं सांगायला नको. वितळलेली काच टर्बाइनच्या पात्यांवर जाऊन बसते, हवेची वाट अडते, इंजिन गुदमरतं. इंजिन बंद पडून गार झालं की तीच काच तडकून गळते. मूडी यांची इंजिनं परत सुरू झाली ती यामुळेच.

रडार कोरं का होतं? विमानातल्या वेदर रडारची तरंगलांबी साधारण ३ सेंटिमीटर. इतक्या लहान कणांकडून येणारा परतावा व्यासाच्या सहाव्या घातात बदलतो. राखेचा कण पावसाच्या थेंबाच्या शंभरपट लहान धरला, तर त्याच्याकडून येणारा सिग्नल एक लाख कोटी पट कमी! थोडक्यात, ज्या यंत्रावर पायलटचा सगळा भरवसा, त्याला राख दिसतच नाही.

मग वरून उपग्रह बघतोच आहे की, असं तुम्ही म्हणाल. मलाही आधी हे सोपं वाटायचं. फोटो काढायचा, करडा ढग शोधायचा, संपलं. पण रात्री फोटो कसा काढणार? आणि दिवसासुद्धा विरलेली राख आणि साधा ढग यांत फरक करणं महाकठीण. म्हणून उष्णतेच्या किरणांकडे, म्हणजे अवरक्त पट्ट्याकडे वळावं लागतं. तिथे दिवसरात्र सारखीच. ऑस्ट्रेलियातले शास्त्रज्ञ फ्रेड प्राटा यांनी १९८९ मध्ये यावरची जी युक्ती मांडली, ती मला या विषयातली सगळ्यात देखणी गोष्ट वाटते. युक्ती म्हणजे चक्क एक वजाबाकी आहे!

उपग्रह एकाच जागेचं तापमान दोन चॅनेलमध्ये मोजतो, एक ११ मायक्रॉनच्या आसपास आणि दुसरा १२. पाणी आणि बर्फ १२ मायक्रॉनचे किरण जास्त शोषतात. सिलिकेटचं उलट, ते ११ चे जास्त शोषतं. बास, एवढंच.

उदाहरण घेऊ. आकडे मी सोयीसाठी धरलेत, आणि खरं तर इथे प्लँकचं सूत्र लावायला हवं, पण सध्या सरासरीवर भागवू. जमीन ३०० केल्विन, वर राखेचा ढग २४० केल्विन. ११ मायक्रॉनमध्ये जमिनीची निम्मी उष्णता ढगातून पार होते असं धरा. उपग्रहाला दिसेल १५० अधिक १२०, म्हणजे २७०. १२ मायक्रॉनमध्ये ६५ टक्के पार होते. तिथे दिसेल १९५ अधिक ८४, म्हणजे २७९. आता ११ मधून १२ वजा करा. उणे ९! त्याच जागी बर्फाचा विरळ ढग असता तर शोषणाचे आकडे उलटले असते आणि उत्तर अधिक ९ आलं असतं. प्रत्यक्षात फरक बहुतेकदा याहून कमी असतो, पण चिन्ह तेच. मायनस आला की कान टवकारायचे.

पण हीच गणितं जरा ताणून बघा. ढग इतका दाट आहे की खालचं काहीच पार होत नाही. मग दोन्ही चॅनेलमध्ये २४० आणि फरक शून्य. म्हणजे ज्वालामुखीच्या तोंडावरचा, सगळ्यात घातक, ताजा ढग या पद्धतीला दिसत नाही! राखेवर बर्फाचं आवरण चढलं, तरी ती साध्या ढगासारखी वागते. विषुववृत्ताजवळच्या दमट हवेत तर बाष्पामुळे फरक आधीच अधिककडे झुकलेला असतो, तो राखेचा थोडासा मायनस गिळून टाकतो. आणि इंडोनेशियाचे ज्वालामुखी नेमके तिथेच. तेव्हा मायनस नाही म्हणजे राख नाही, असं मानणारा माणूस विमानांना चुकीच्या वाटेवर पाठवील.

म्हणून जोडीला इतर साक्षीदार लागतात. सल्फर डायऑक्साइड हा त्यातला मोठा. तो अतिनील किरणांत आणि अवरक्तमध्ये ७.३ आणि ८.६ मायक्रॉनजवळ ओळखता येतो. पण त्याच्यावरही डोळे मिटून विसंबू नये. २०११ साली आइसलंडच्या ग्रिम्सव्होत्नच्या उद्रेकात वायू गेला उत्तरेला आणि राख गेली दक्षिणेला!

उंचीचं प्रकरण आणखी किचकट. ढगाच्या माथ्याचं तापमान मोजायचं आणि हवामान फुग्याने मोजलेलं तेवढंच तापमान कुठल्या उंचीवर आहे ते बघायचं, ही साधी रीत. पण वरच्या उदाहरणात २४० चा ढग आपल्याला २७० चा दिसला, आठवतंय? विरळ ढग असाच खरा आहे त्यापेक्षा गरम, म्हणजे बुटका भासतो. दोन उपग्रहांनी दोन बाजूंनी पाहिलं तर आपल्या दोन डोळ्यांसारखं अंतर काढता येतं. १५ जानेवारी २०२२ च्या टोंगाच्या स्फोटाचा माथा ५७ किलोमीटरवर गेला होता, हे असंच निघालं.

२०१० च्या एप्रिलमध्ये आइसलंडच्या एयाफ्यात्लायोकुत्लने (न अडखळता वाचणाऱ्याला माझ्याकडून वडापाव) युरोपातली सुमारे एक लाख उड्डाणं रद्द करायला लावली. तोवरचा नियम सोपा होता, राख दिसली की टाळा. त्यानंतर युरोपात घनमीटरला २ आणि ४ मिलिग्रॅम अशा मर्यादा आल्या. इथे खरी गोची आहे. उपग्रह फार तर सांगतो की एका चौरस मीटरच्या डोक्यावर एकूण किती ग्रॅम राख आहे. समजा १ ग्रॅम. ढग १ किलोमीटर जाड असेल तर घनमीटरला १ मिलिग्रॅम, आणि २०० मीटर जाड असेल तर ५. पहिल्यात मर्यादेच्या आत, दुसऱ्यात बाहेर. जाडी मात्र वरून सहसा दिसत नाही.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर २०२५ चा नोव्हेंबर आठवा. २३ तारखेला इथिओपियाच्या अफार भागातला हायली गुब्बी फुटला. त्याच्या आधीच्या उद्रेकाची माणसाकडे नोंदच नव्हती. राख सुमारे १४ किलोमीटर वर गेली, तांबडा समुद्र, येमेन, ओमान ओलांडून २४ च्या रात्री गुजरात-राजस्थानवरून दिल्लीकडे सरकली. अकासा आणि एअर इंडियाची काही उड्डाणं रद्द झाली. होस्टेलच्या ग्रुपवर तर दिल्लीकरांनी आता श्वासच घेऊ नये अशा थाटाचे मेसेज फिरत होते, पण ढग बराच उंचावरून जात होता आणि विमानांना खरा धोका तिथे होता. जगात ज्वालामुखीच्या राखेवर नजर ठेवणारी नऊ केंद्रं आहेत. या उद्रेकाचे इशारे फ्रान्समधल्या तुलूझच्या केंद्राने दिले. त्यांचा मुख्य आधार उपग्रहच होता.

आपल्या इन्सॅट-३डीआर आणि २०२४ साली सोडलेल्या इन्सॅट-३डीएस या दोघांवरही हे दोन चॅनेल आहेत, टीआयआर-१ आणि टीआयआर-२. इस्रोच्या मॉसडॅकवर नाव नोंदवून डेटा घेता येतो, आणि मॅटलॅबमध्ये वजाबाकी एका ओळीची. ज्याला करून बघायचंय त्याने मला रात्री मेसमध्ये गाठावं. फक्त सुरुवात उद्रेकाच्या दिवसापासून करू नका. मे महिन्यातला राजस्थानातल्या धुळीच्या वादळाचा एखादा दिवस आधी घ्या. वाळूही सिलिकेटच, त्यामुळे तिथेही मायनस येतो. तो नीट बघून ठेवला की मगच नोव्हेंबरची फाइल उघडू.