केतकी की बकुळा?

बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगायचा मान आत्याचा. पण नाव ठरवायचा मान कुणाचा? भाचीच्या बारशासाठी मी बंगळूरला, राजाजीनगरात दादाकडे पोहोचले, तेव्हा बारसं दोन दिवसांवर आलं होतं आणि घरात सरळ दोन तट पडले होते.

आईला हवं होतं बकुळा. कोकणातल्या माहेरच्या अंगणातली बकुळ ती अजून विसरलेली नाही. "वाळलं तरी वास न सोडणारं फूल ते!" वहिनी वनस्पतिशास्त्राची एम.एस्सी. तिचा कौल केतकीला. आईने लगेच पुराण काढलं. ब्रह्मदेवाच्या बाजूने खोटी साक्ष दिली म्हणून शंकराने केतकीला पूजेतून बाद केलं. असलं नाव पोरीला द्यायचं? वहिनी शांतपणे म्हणाली, "आई, बकुळीचं शास्त्रीय नाव मिमुसॉप्स. म्हणजे माकडतोंडी!" वर शाळेत मुलं 'बकुळा-बगळा' म्हणून चिडवतील ते वेगळंच. तेवढ्यात दादाला काय सुचावं! "केवड्याची नर-मादी झाडं वेगळी असतात आणि घमघमाट नराच्या फुलांचा, असं तूच सांगितलं होतंस ना?" त्या दिवशी दादाला चहा स्वतःच करून घ्यावा लागला.

खरी मेख निघाली ती शेजारच्या कन्नड आजींमुळे. केतकी म्हणजे त्यांची केदगे. नाव ऐकून त्या खूश झाल्या. पण वहिनीने इंग्रजीत लिहिलेलं नाव दाखवताच त्यांनी वाचलं, "केटकी." चूक त्यांची नव्हती. आपण 'त' साठी नुसता 'टी' लिहितो, तर कर्नाटकात 'टीएच' लिहायची पद्धत आहे. तिथल्या लता, गीता, सविता सगळ्या अशाच लिहिल्या जातात. मग टीएच घालावा, तर पुण्याचे नातेवाईक वाचणार 'केथकी'! बकुळाला हा त्रास नाही. शिवाय कन्नडमध्ये 'ळ' आहेच. मी मनातून आईच्या बाजूला सरकले.

हा वाद पोकळ मुळीच नव्हता. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून वाहन परवाना, मतदारयादीपर्यंत जन्मदाखलाच जन्माचा पुरावा म्हणून लागणार आहे. त्यावरचं स्पेलिंग जन्माला चिकटणार. मात्र घाई करायचं कारण नाही, हे पुष्कळ घरांत ठाऊक नसतं. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, पण नावाचा रकाना कोरा ठेवता येतो. नोंदणीपासून १२ महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं. त्यानंतरही १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून घालता येतं. तुमच्याकडेही असाच तंटा असेल, तर हा अवधी जरूर वापरा.

दादाने तोडगा सुचवला: कागदावर एक, पाळण्यात दुसरं. मला तो पटला नाही. दोघींनाही अर्धंच नाव मिळालं असतं.

शेवटी बारशाच्या सकाळी वहिनी म्हणाली, "ती राहणार इथे, शिकणार इथे. केतकीच, आणि टीएच घालून. पुण्याने खुशाल केथकी म्हणावं." नऊ महिने जिने वाहिलं, तिच्यापुढे आत्या काय बोलणार? मी पाळण्यावर वाकले आणि केतकी म्हणाले.

घुगऱ्या वाटताना आई हळूच म्हणाली, "पुढच्या वेळी बकुळा."

वहिनीने ऐकलंच नाही.