बंद गाडीतून वाहणारा प्रवाह

मोटारगाडी दोन-तीन दिवस उभी राहिली आणि त्यानंतर सेल्फ मारताना नुसता ‘टक’ असा आवाज येऊन इंजिन फिरलेच नाही, की दोष बहुधा बॅटरीच्या माथी मारला जातो आणि जुनी काढून नवी बॅटरी बसवली जाते. नवी बॅटरीही काही आठवड्यांत तशीच उतरू लागली, तर मात्र गाडी कुलूपबंद असतानाही वीज कुठल्यातरी वाटेने झिरपत आहे, असे मानावे लागते. बाहेरच्या दुकानातून म्युझिक सिस्टीम बसवून घेतलेल्या गाडीत, विशेषतः डिकीत अँप्लिफायर आणि वूफर असल्यास, ही वाट शोधणे अधिक अवघड जाते. कारण ती कारखान्याने आखलेल्या वायरिंगमध्ये नसते, तर नंतर कोणीतरी थेट बॅटरीपासून काढलेली असते.

गाडीत आजही सर्रास वापरली जाणारी शिसे आणि गंधकाम्ल यांची बॅटरी ही फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लाँते यांनी १८५९ मध्ये तयार केलेल्या, पुन्हापुन्हा चार्ज करता येणाऱ्या घटाची थेट वंशज आहे. तिच्यात सुमारे २.१ व्होल्टचे सहा घट एकापुढे एक जोडलेले असतात, आणि म्हणून पूर्ण चार्ज झालेली व काही तास विसावलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाब दाखवते. हा दाब १२.२ वर आला की साठा निम्मा झाला आणि १२ च्या खाली गेला की तळाला लागला, असे ढोबळमानाने समजावे. साठ्याचे माप अँपिअर-तासांत सांगतात. लहान गाडीत बहुधा आढळणारी ३५ अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १.७५ अँपिअरचा प्रवाह सलग २० तास देऊ शकणारी बॅटरी.

गाडी बंद असतानाही घड्याळ, रिमोट चावीच्या संदेशाची वाट पाहणारा रिसीव्हर आणि इंजिनाच्या संगणकाची स्मृती यांना थोडी वीज लागतेच, आणि हा प्रवाह साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंत असेल तर त्यात काही वावगे नाही; त्या गतीने ३५ अँपिअर-तासांचा साठा संपायला हिशेबाने ७०० तास, म्हणजे सुमारे २९ दिवस लागतात. अँप्लिफायर मात्र एकही सूर वाजत नसताना, केवळ चालू अवस्थेत राहण्यासाठी, अर्धा ते एक अँपिअर आणि मोठा असल्यास त्याहूनही अधिक प्रवाह सहज घेतो. एक अँपिअर धरला तर ३५ तासांत बॅटरी रिकामी होते, आणि सेल्फला लागणारा शंभराहून अधिक अँपिअरचा झटका देण्याची तिची ताकद त्याच्या बरीच आधी संपलेली असते. संध्याकाळी लावलेली गाडी दुसऱ्या रात्री चालू न होण्यामागे इतके साधे गणित असते.

अँप्लिफायर बंद का होत नाही, हे समजण्यासाठी तीन वायरींची ओळख हवी. बाजारातल्या स्टिरिओला येणारी पिवळी वायर कायम बॅटरीशी जोडलेली असते आणि स्टिरिओ बंद असताना ती स्मृतीपुरता अत्यल्प प्रवाह घेते. लाल वायर चावी फिरवल्यावरच जिवंत होते आणि स्टिरिओला जागे करते. निळी-पांढरी वायर स्टिरिओकडून अँप्लिफायरकडे जाते आणि त्याला चालू-बंद होण्याची सूचना देते, म्हणून तिला रिमोट वायर म्हणतात. चावीवर चालणारी वायर शोधण्याचा त्रास वाचवण्यासाठी लाल वायर पिवळीलाच जोडली, तर स्टिरिओला गाडी बंद झाल्याचे कधी कळतच नाही, आणि मालक बटणाने तो बंद करायला विसरला की त्याच्यामागे अँप्लिफायरही रात्रभर जागा राहतो. रिमोट वायर थेट कायमच्या १२ व्होल्टला जोडणे ही त्याहून वाईट चूक होय, कारण मग स्टिरिओ बंद असला तरी अँप्लिफायर चालूच राहतो. अशी जोडणी ऐकताना निर्दोष वाटते, आवाजात काहीही कमी जाणवत नाही, आणि म्हणूनच ती वर्षानुवर्षे लपून राहू शकते.

तपासणीची सुरुवात पूर्ण चार्ज केलेल्या बॅटरीने करावी. इंजिन चालू असताना तिच्या टोकांवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळत असतील तर अल्टरनेटर काम करीत आहे, एवढे त्यातून कळते. त्यानंतर गाडी बंद करून, बॅटरीच्या ऋण टोकाची केबल सोडवून, टोक आणि केबल यांच्यामध्ये मल्टिमीटर १० अँपिअरच्या खाचेत वायर लावून जोडावा, म्हणजे गाडीतून बॅटरीकडे परतणारा सर्व प्रवाह मीटरमधूनच जाईल. या अवस्थेत चावी फिरवणे किंवा सेल्फ मारणे कटाक्षाने टाळावे, कारण तो भार मीटरच्या फ्यूजला झेपत नाही. आकडा लगेच वाचण्यातही अर्थ नसतो: केबल सुटून पुन्हा जोडली गेली की आधुनिक गाडीतले संगणक जागे होतात आणि पुन्हा झोपी जायला वीस मिनिटांपासून तासभर घेतात, म्हणून दरवाजे व बोनेट यांची कुलुपे बंद स्थितीत ढकलून, चावी दूर ठेवून, मीटरला न हलवता थांबावे लागते. घाईने केलेले मापन निरोगी गाडीलाही आजारी ठरवते.

स्थिरावलेला आकडा मोठा निघाला की पेटीतले फ्यूज एकेक काढून तो कुठे घसरतो हे पाहण्याची प्रचलित रीत आहे आणि ती चांगलीही आहे. पण अँप्लिफायरच्या बाबतीत ती हमखास फसते, कारण त्याची जाड वायर फ्यूजपेटीला वळसा घालून थेट बॅटरीच्या धन टोकापासून निघते. पेटीतले सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच राहिला, तर बॅटरीजवळ त्या जाड वायरीवर बसवलेला स्वतंत्र फ्यूज काढून पाहावा. आकडा एकदम खाली आला, तर शोध जवळजवळ संपला. याहून फसवी गोष्ट अर्थिंगची आहे. अँप्लिफायरची काळी वायर गाडीच्या पत्र्याऐवजी थेट बॅटरीच्या ऋण टोकावर आणली असेल, तर त्याचा परतीचा प्रवाह मीटरला टाळून जातो आणि मीटर अगदी निर्दोष आकडा दाखवतो. म्हणून त्या टोकावर आणखी कोणती वायर बसवली आहे का, हे आधीच पाहिले पाहिजे.

प्रवाह मोजण्यासाठी काहीच सोडवायचे नसेल तर क्लँप मीटर सोयीचा पडतो. मात्र घरातल्या विजेसाठीचा साधा क्लँप मीटर ट्रान्सफॉर्मरच्या तत्त्वावर चालतो आणि बॅटरीचा एकदिश प्रवाह त्याला जाणवतच नाही. येथे एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर, म्हणजे प्रवाह वाहणाऱ्या पट्टीत चुंबकीय क्षेत्रामुळे आडवा विद्युतदाब निर्माण होण्यावर, चालणारा मीटर लागतो.

अँप्लिफायरवर संशय स्थिर झाला की गाडी बंद ठेवून त्याच्या रिमोट टोकावरचा दाब मोजावा. तेथे १२ व्होल्ट मिळाले, तर सूचना देणारी वायर चुकीच्या जागी जोडली आहे, स्टिरिओ झोपत नाही किंवा मध्ये बसवलेल्या रिलेचे संपर्क चिकटले आहेत. तेथे शून्य असूनही अँप्लिफायरचा दिवा जळत असेल, तर तो स्पीकरच्या वायरीवरून स्वतःच चालू होणाऱ्या प्रकारचा आहे का, हे पाहावे. स्टिरिओ चालू असताना स्पीकरच्या दोन्ही वायरींवर बॅटरीच्या दाबाच्या निम्मा, म्हणजे सुमारे सहा व्होल्टचा दाब असतो आणि असे अँप्लिफायर तो ओळखून जागे होतात. तेथेही काही नसेल, तर बिघाड अँप्लिफायरच्या आतच शोधावा लागतो. आणि त्याचा फ्यूज काढूनही गळती चालूच राहिली, तर संगीताला दोष देणे थांबवून अल्टरनेटरमधल्या डायोडकडे वळावे. एखादा डायोड खराब झाला की बॅटरीतली वीज त्यातून उलट्या दिशेने वाहू लागते.

दुरुस्ती बहुतेक वेळा लहानशीच असते: लाल वायर चावीवर जिवंत होणाऱ्या जागी न्यावी आणि रिमोट वायर स्टिरिओच्या निळ्या-पांढऱ्या वायरीला जोडावी. अनेक अँप्लिफायर असल्यास त्या वायरीवर सगळा भार न टाकता रिले बसवावा, कारण ती काहीशे मिलिअँपिअरपलीकडे देऊ शकत नाही. मात्र वारंवार तळाला गेलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक साचतात आणि तिचा काही साठा कायमचा जातो. शहरातल्या दहा-पंधरा मिनिटांच्या फेऱ्यांत अल्टरनेटर अशी बॅटरी भरून काढू शकत नाही. तिला चार्जरवर, क्षमतेच्या एक दशांश प्रवाहाने, म्हणजे ३५ अँपिअर-तासांसाठी साडेतीन अँपिअरने, रात्रभर ठेवावे लागते. चार्जर काढून काही तास विसावल्यावर १२.६ च्या जवळचा दाब मिळाला आणि दुकानातल्या भार-चाचणीतही ती टिकली, तरच ती पुन्हा गाडीत बसवावी.