ट्रिकसीन (दशावतार)

ट्रिकसीन ही दशावतार या कोकणातील लोकनाट्यप्रकारात रूढ झालेली संज्ञा आहे. देवदैत्यांचे युद्ध, अस्त्रांचा मारा, शिरच्छेद, अदृश्य होणे, आकाशगमन, नागाचे प्रकटन अशी अद्भुत दृश्ये प्रकाश, धूर, ध्वनी व साध्या यांत्रिक युक्त्यांच्या साहाय्याने प्रत्यक्ष रंगमंचावर घडविणे, असा तिचा अर्थ आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण, कुडाळ, वेंगुर्ला, सावंतवाडी या भागांत ‘ट्रिकसीनयुक्त नाट्यप्रयोग’ अशी जाहिरात केलेली आढळते. अल्प खर्चात भव्य युद्ध दाखविण्याच्या या प्रयत्नाविषयी प्रेक्षकांत मतभेद आहेत. लोककलेत चमत्काराचे स्थान काय असावे, हा प्रश्न त्या मतभेदांच्या मुळाशी आहे.

पार्श्वभूमी

दशावतार हा प्रामुख्याने ग्रामदेवतांच्या जत्रांमध्ये रात्रभर चालणारा नाट्यप्रकार आहे. स्थानिक बोलीत त्याला ‘धयकालो’ असेही म्हणतात. दिवाळीनंतर जत्रांचा हंगाम सुरू होतो व पावसाळ्यापूर्वी संपतो. प्रयोगाचे दोन भाग असतात. पूर्वरंगात, म्हणजे ‘आड दशावतारा’त, सूत्रधार, गणपती, ऋद्धी-सिद्धी, ब्रह्मदेव आणि वेद पळविणारा संकासुर ही पात्रे येतात. उत्तररंगात एखादे पौराणिक आख्यान सादर होते. सर्व भूमिका परंपरेने पुरुषच करतात. संवाद लिहिलेले नसतात. कथानकाची रूपरेषा ठरवून नट आपल्या पाठांतराच्या, वाचनाच्या व वक्तृत्वाच्या बळावर ते रंगमंचावरच रचतात. हार्मोनियम, पखवाज व झांज ही साथीची वाद्ये होत.

पारंपरिक दशावताराचा रंगमंच अत्यंत साधा असतो. मागे एक पडदा आणि पुढे एक बाकडे एवढेच नेपथ्य. तेच बाकडे कधी सिंहासन, कधी पर्वत, तर कधी रथ होते. स्थळकाळाचा उरलेला विस्तार प्रेक्षकाने आपल्या कल्पनेने करावयाचा असतो.

पारंपरिक युद्धप्रसंग

युद्ध हा दशावतारी आख्यानाचा जवळजवळ अटळ भाग आहे. परंपरेत ते नृत्यरूप असते. दोन योद्धे पखवाजाच्या बोलांवर पदन्यास करतात, गिरक्या घेतात आणि ठरावीक मात्रेवर शस्त्रास शस्त्र भिडवितात. सैन्य दिसत नाही. त्याचे वर्णन संवादातून होते. शस्त्रे लाकडी असली तरी लय चढत गेली की प्रेक्षकाला युद्धाची तीव्रता जाणवते. तेथे दृश्याच्या खरेपणापेक्षा लयीच्या खरेपणाला महत्त्व असते.

पौराणिक नाटकांत चमत्काराची साधने मात्र नवी नाहीत. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले. त्यानंतरच्या पौराणिक नाटकांत राक्षसाच्या प्रवेशाच्या वेळी मशालीवर राळ उडवून ज्वाळेचा भपका निर्माण केला जात असे. या दृष्टीने ट्रिकसीन हा जुन्याच प्रवृत्तीचा विजेच्या दिव्यांच्या काळातील विस्तार मानता येतो.

ट्रिकसीनचे स्वरूप

ट्रिकसीनसाठी लागणारी साधने सहसा स्थानिक व स्वस्त असतात. काळोख, रंगीत प्रकाशझोत, धूर, काळे कापड, दोऱ्या, पुठ्ठा व रंगविलेले मुखवटे यांचा उपयोग केला जातो. बहुतेक युक्त्यांचे तत्त्व एकच असते. प्रेक्षकाची दृष्टी क्षणभर एका बाजूस वेधून घ्यावयाची व त्याच क्षणी दुसऱ्या बाजूस बदल घडवावयाचा. डोळे दिपविणाऱ्या झोतानंतरच्या अंधारात पात्र बदलता येते. काळ्या पडद्यासमोर काळ्या वस्त्राने झाकलेला भाग दिसत नाही, त्यामुळे धडावेगळे शिर किंवा अधांतरी तरंगणारी आकृती दाखविता येते. प्रयोग उघड्यावर, मंदिराच्या आवारात होत असल्याने प्रेक्षक तिन्ही बाजूंना बसलेले असतात आणि युक्ती लपविणे बंदिस्त नाट्यगृहापेक्षा कठीण होते.

प्रेक्षकांची मते

अनुकूल मत. ट्रिकसीनमुळे तरुण व बालप्रेक्षक जत्रेतील नाटकाकडे पुन्हा वळतात, असे समर्थक मानतात. दूरचित्रवाणी व भ्रमणध्वनी यांवर भव्य दृश्ये पाहण्याची सवय झालेल्या पिढीला केवळ संवादांवर रात्रभर खिळवून ठेवणे अवघड आहे. शिवाय पुराणकथेत अद्भुत मुळातच आहे. अग्न्यस्त्राचे वर्णन ऐकविण्याऐवजी ते दाखविले तर कथेशी प्रतारणा होत नाही, असाही युक्तिवाद केला जातो. अपुऱ्या साधनांतून आपल्याच परिसरातील कलावंतांनी साधलेली युक्ती पाहण्याचा आनंद वेगळा असतो. प्रेक्षक तेथे चमत्काराबरोबरच कारागिरीलाही दाद देतो.

प्रतिकूल मत. जाणत्या प्रेक्षकांचा मुख्य आक्षेप असा की, ट्रिकसीनमुळे दशावताराचे केंद्र नटाच्या वाणीकडून यंत्राकडे सरकते. पूर्वी ‘नाटक ऐकायला’ जाणारा प्रेक्षक दोन नटांमधील शास्त्रार्थ, शब्दांची चढाओढ व पदांची गायकी यांवर नटाची योग्यता ठरवीत असे. युक्तीसाठी दिवे विझविणे, पडदा ओढणे व थांबणे आवश्यक ठरले की उत्स्फूर्त संवादाचा प्रवाह तुटतो. उत्स्फूर्ततेत नट प्रसंग हवा तसा लांबवू किंवा आवरू शकतो. ट्रिकसीन मात्र ठरल्या क्षणीच घडावा लागतो. ज्वाळा व स्फोटक पदार्थ वापरल्यास मांडवात दाटीने बसलेल्या प्रेक्षकांच्या सुरक्षिततेचा प्रश्नही निर्माण होतो.

मध्यम मत. अनेक प्रेक्षक युक्तीला विरोध न करता तिच्या प्रमाणाबद्दल आग्रही असतात. कथानकाच्या परमोच्च बिंदूवर आलेला एक ट्रिकसीन परिणाम करतो, तर वारंवार आलेला कंटाळा आणतो. युक्ती फसली तरी नट समर्थ असेल तर तो त्या फजितीतून संवाद निर्माण करून प्रसंग सावरतो. उलट, युक्ती साधली पण नट दुबळा असला तर प्रयोग लक्षात राहत नाही, असे या मताचे प्रेक्षक सांगतात.

फसलेल्या पौराणिक प्रयोगातून निर्माण होणारे हास्य हा स्वतंत्र विषय आहे. गंगाराम गवाणकर लिखित ‘वस्त्रहरण’ हे मालवणी नाटक १९८० मध्ये रंगभूमीवर आले. गावकऱ्यांनी बसविलेल्या महाभारतातील नाटकाची उडालेली तारांबळ हा त्याचा विषय आहे. मच्छिंद्र कांबळी यांच्या भूमिकेने गाजलेल्या या नाटकाने कोकणी माणसाला स्वतःच्याच हौशी रंगभूमीवर मनमोकळे हसण्याची संधी दिली. त्या हास्यात तुच्छतेपेक्षा आपुलकी अधिक आहे.

चित्रपटांतील समांतर उदाहरणे

रंगमंचावरील युक्ती व चित्रपटातील चमत्कृती यांचे नाते जुने आहे. चंद्रावरील प्रवासाचा पहिला प्रसिद्ध चित्रपट १९०२ मध्ये फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिए यांनी काढला. ते मूळचे रंगमंचावरील जादूगार होते. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांनाही जादूचे प्रयोग अवगत होते. त्यांच्या ‘लंकादहन’ (१९१७) या चित्रपटात अण्णा साळुंके यांनी राम व सीता या दोन्ही भूमिका केल्या. राम पडद्यावर दिसताच प्रेक्षक पादत्राणे काढीत, असे सांगितले जाते. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांच्या ‘सैरंध्री’ (१९२०) मधील कीचकवधाचे दृश्य इतके प्रखर वाटले की सेन्सॉरने ते वगळावयास लावले. त्यांच्याच ‘सिंहगड’ (१९२३) या चित्रपटात रात्रीच्या लढाईसाठी कृत्रिम प्रकाशाचा वापर करण्यात आला.

विज्ञानपटाच्या क्षेत्रात ‘चाँद पर चढाई’ (१९६७) हे उल्लेखनीय उदाहरण आहे. मानवाने चंद्रावर पाऊल ठेवण्यापूर्वी दोन वर्षे प्रदर्शित झालेल्या या अल्पखर्चिक हिंदी चित्रपटात दारासिंग यांनी अंतराळवीराची भूमिका केली. त्यांच्या जोडीला मराठी प्रेक्षकांना परिचित असलेले भगवान होते. परग्रहावरील योद्धे व राक्षसी प्राणी यांच्याशी होणारी झुंज हा त्यातील मुख्य भाग आहे. अशा चित्रपटांविषयी प्रेक्षकांची जी मते पडतात, ती ट्रिकसीनविषयीच्या मतांशी जुळतात. काहींना पुठ्ठ्याची याने व मुखवटे हास्यास्पद वाटतात, तर काहींना साधनांच्या तुटवड्यातून निघालेली कल्पकता भावते. अस्त्र मंत्राने सुटो वा किरणांनी, त्यामागील पात्राचे भय व शौर्य पटले तर प्रेक्षक साधनांचा कमकुवतपणा क्षम्य मानतो. पात्रच पटले नाही, तर महागडे दृश्यही त्याला पोकळ वाटते.

महत्त्व

ट्रिकसीनविषयीचा वाद केवळ अभिरुचीचा नाही. दशावतारी नटांचा चरितार्थ प्रयोगांच्या संख्येवर अवलंबून असतो आणि प्रयोग ठरविताना गावकरी व देवस्थानचे मानकरी प्रेक्षकांच्या पसंतीचा विचार करतात. त्यामुळे प्रेक्षक कशाला दाद देतो यावर पुढील पिढीतील नट कशाचा अभ्यास करणार हे ठरते. पुराणांचे वाचन, पदांचे पाठांतर व वादसंवादाचे कौशल्य आत्मसात करण्यास अनेक वर्षे लागतात. दिवे व धूर यांची सामग्री मात्र अल्पावधीत जमविता येते. परंपरा टिकावी म्हणून नवीनता हवी आणि नवीनतेत परंपरा हरवू नये, अशा दुहेरी अपेक्षेत आजचा दशावतार उभा आहे. पहाटे दहीकाला होऊन जत्रेतील प्रयोगाची सांगता होते, ती प्रथा मात्र ट्रिकसीन असो वा नसो, आजही पाळली जाते.